दहा दगड आणि नऊ किलोमीटर

स्वस्ति श्री. डिझेलबिंदुसंरक्षक, घाटवळणविशारद, क्लचपट्टिकादयासागर, कर्कशभोंगाविरत, दिघी-बोर्ली-मार्गसार्वभौम, पदवीविहीन परंतु परवानाधारक, भातगिरणीच्या मालवाहू शकटाचे आद्य सारथी तीर्थरूप बाबा यांच्या चरणी, काशीदस्थ आठ खोल्यांच्या अतिथिगृहाचा अधिपती, माजी संस्कृताध्यापक, महाचक्रधर, उच्चासनाधिष्ठित, इंधनभक्षकरथस्वामी अशा आपल्या एकुलत्या एका चिरंजीवाने मस्तक टेकवून लिहिलेले हे पत्र. मस्तक टेकवायचे तर मला आता आधी गाडीतून उतरावे लागते आणि उतरायला पायरी लागते, एवढी माझी उन्नती झाली आहे.

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षे झाली. एवढ्या काळात मी तुम्हाला एकही पत्र लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे जे काही केले ते तुम्हाला आवडले असते, आणि आवडलेल्या गोष्टी सांगत बसण्याची आपल्या घरात पद्धत नव्हती. आता जे केले आहे ते तुम्हाला अजिबात आवडणार नाही. म्हणून लिहितो. शाळा सोडून मी समुद्राकाठी आठ खोल्या बांधल्या, हे तुम्ही पाहिलेले नाही. पाहुण्यांचे सामान, बोर्लीचा तांदूळ, नारळ, बर्फ, असा सगळा भार वाहण्यासाठी एक पिकअप घेतली. पुढे पाच माणसे, मागे उघडा हौदा. चांगली, सालस, जमिनीलगत चालणारी गाडी होती. लिटरला बारा किलोमीटर देत असे आणि त्याबद्दल कधी तोंड वर करून बोलत नसे. ती चालवायला मी तुमचाच माणूस ठेवला. तुमच्या लॉरीवर सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून चढलेला, ज्याला मी लहानपणापासून दादा म्हणतो, तो. आता साठी उलटली आहे. केस पांढरे झाले, पण गिअर टाकतानाचा हात हुबेहूब तुमचा. डोळे मिटून बसलो तर कोण चालवतो आहे ते सांगता येत नाही.

गेल्या वर्षी मुंबईहून एक पाहुणा आला. त्याची गाडी माझ्या अंगणात शिरली तेव्हा आधी सावली आली, मग गाडी. चाके माझ्या कमरेपर्यंत, खालून एक म्हैस सुखाने जाईल एवढी पोकळी. त्या उंचीवरून त्याने माझ्या पिकअपकडे पाहिले आणि दयार्द्र स्वरात म्हणाला, "सर, तुमची गाडी अशी बसल्यासारखी का दिसते?" झाले. बावन्न वर्षांच्या, कालिदास शिकवलेल्या, मधुमेहाची गोळी घेणाऱ्या पुरुषाला तेवढे वाक्य पुरले. पुढच्या आठवड्यात मी नव्या मुंबईकडच्या एका दुकानात उभा होतो आणि दंडावर विंचू गोंदवलेला एक तज्ज्ञ मला सांगत होता, "सर, रोड प्रेझेन्स बघा तुम्ही. चार इंच लिफ्ट, तेहतीसचे टायर. गाडी एकदम खतरनाक!" मी विचारले, "अ‍ॅव्हरेज?" तो म्हणाला, "उन्नीस-बीस होणार सर, टेन्शन नको." रोड प्रेझेन्स! या मार्गोपस्थितीसाठी मी माझी सालस गाडी त्याच्या हवाली केली. परत मिळाली तेव्हा तिच्या पोटाखाली लोखंडी ठोकळे होते, कपाळावर सहा दिवे, डोक्यावर सामान ठेवायचा पाळणा, हनुवटीला बंपरची लोखंडी दाढी. दादाने तिच्याभोवती एक फेरी मारली. मग चढायला गेला आणि पाय पोचेना, तेव्हा एवढेच म्हणाला, "मास्तर, गुडघ्याचं आपरेशन आधी करून घेतो. मग बसतो."

ही गाडी काशीदच्या वाळूत नेऊन पाहुण्यांना फोटो काढून द्यायचे, हा माझा व्यावसायिक हेतू होता. वाळूत रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी ठेवली आणि तशीच कमी हवा घेऊन ती डांबरी रस्त्यावरही फिरू लागली. आगरदांड्याच्या फेरीबोटीवर ती चढली की बोटीवरची माणसे आदराने नव्हे, भीतीने बाजूला सरत. आणि महिनाअखेरीस मी लिटरांनी किलोमीटरना भागले तेव्हा उत्तर आले आठ. बाराचे आठ. पुन्हा भागले. गणित जरा लाजले, पण उत्तर बदलले नाही.

बाबा, त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी जे केले ते लिहिताना मला शिसारी येते. तुम्ही हयात असता तर माझ्या ताटातला भात काढून घेतला असता. मी डिझेलच्या नळीवर चुंबक बसवले, कारण मोबाइलवरच्या एका चित्रफितीत एक गृहस्थ शपथेवर सांगत होता की चुंबकाने इंधनाचे रेणू शिस्तीत उभे राहतात. मी टाकीत निळ्या बाटलीतले औषध ओतले. त्याने फक्त माझ्या बोटांना आठ दिवस रॉकेलचा वास येत राहिला. स्टिअरिंगखाली एक हिरवा दिवा लुकलुकणारी डबी खोचली. ती डबी गाडीचा स्वभाव शिकते आणि काटकसर करते, असे तिच्या खोक्यावर लिहिले होते. माझा स्वभाव मात्र तिने अचूक ओळखला होता. ज्या माणसाने चार विभक्तींचे अपवाद पाठ केले, त्याने लोहचुंबकावर श्रद्धा ठेवली! वाळूत उभ्या असलेल्या त्या धुडाजवळ गेलो की मला गाडीचा वीट येई, पण त्याहून जास्त स्वतःचा येई. म्हणून मी पटकन दुसरे कुणीतरी शोधले.

ते दुसरे कुणीतरी अंगणातच होते. गाडी दादाच्या हातात असते, डिझेल तोच भरतो, बोर्लीला तोच जातो. त्याच्या भाच्याची टमटम आहे, तीही डिझेलवर चालते. एवढे पुरावे मी मनात मांडले आणि निकालही मीच दिला. तोंडाने काही बोलण्याचे धैर्य नव्हते. म्हणून बाजारातून टाकीचे कुलूपवाले झाकण आणले, बसवले आणि चावी माझ्या जानव्याला बांधली. सकाळी दादा डिझेल भरायला निघाला. झाकण पाहिले. अंगठ्याने त्या चावीच्या भोकावरून हळूच हात फिरवला, जसा जखमेवरून फिरवतात. मग आत येऊन उभा राहिला.

"चावी द्या, मास्तर."

आणि मी, बाबा, मी म्हणालो, "मी येतो भरायला. डिझेल जातंय कुठं, ते कळायला नको?"

वाक्य तोंडातून बाहेर पडले आणि मला त्याचा आवाज ओळखू आला. ते माझे नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी बोर्लीच्या भातगिरणीच्या ओट्यावर, कोंड्याच्या धुरळ्यात, हमाल आणि भात घेऊन आलेले कुळवाडी यांच्यादेखत गिरणीच्या मालकाने तुम्हाला हेच विचारले होते. "डिझेल जातंय कुठं?" मी तुमच्या सदऱ्याचे टोक धरून उभा होतो. दादानेही तेव्हा ते ऐकले होते. आता त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, फार दिवसांनी कुणी ओळखीचे भेटावे तसे.

"तुमच्या बापसालाबी ह्येच इचारलं व्हतं," तो म्हणाला. "त्यांनी काठी काढली. माझ्याकडं काठी न्हाय."

ती काठी. गिरणीच्या ओट्यावर तुम्ही उत्तर दिले नव्हते, हे मला आजही दिसते. तुम्ही घरी येता, चुलीपाशी बसता, आई भाकरी थापता थापता तुमच्या तोंडाकडे पाहते. तुम्ही विळ्याने बांबूची कांब तासता. दुसऱ्या दिवशी लॉरीची टाकी रिकामी करून, आईच्या रॉकेलच्या मापाने पाच-पाच लिटर ओतत, दर पाचाला काठीवर एक खाच पाडता. दादा माप धरतो आहे. मी मोठ्याने विचारतो, "बाबा, तुम्ही खरंच डिझेल चोरलंत?" दादा माझ्या टाळक्यात मारतो, पण तुम्ही त्याला थांबवता. विळा खाली ठेवून मला म्हणता, "आधी मोजायचं. मग तोंड उघडायचं." मग काठी घेऊन तुम्ही मालकाला लॉरीपाशी नेलेत. संध्याकाळी त्याच्याच हाताने काठी बुडवली. सकाळी, लॉरी जागची हललेली नसताना, पुन्हा त्याच्याच हाताने. अर्धी खाच कमी. टाकीच्या सांध्यातून डिझेल पाझरत होते आणि खालची माती ते मुकाट पीत होती. मालक हसला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चला, चहा घ्या!" तुम्ही म्हणालात, "उपास आहे."

त्यानंतर अकरा वर्षे तुम्ही त्याची लॉरी चालवलीत आणि अकरा वर्षे रोज तुमचा उपास होता. गिरणीत तुम्ही फार देवभक्त म्हणून प्रसिद्ध झालात. मालक मेला तोपर्यंत त्याला वाटत होते की तुमचे कुठले तरी कडक व्रत आहे. एका अर्थाने होतेच.

मला शाळेत नोकरी लागली तेव्हा इतरांच्या वडिलांनी घड्याळ दिले, पेन दिले. तुम्ही ती काठी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलीत. मी संस्कृत शिकवणार होतो, डिझेलच्या काठीचे मला काय करायचे होते? गेली कित्येक वर्षे तिच्यावर मच्छरदाणीचा एक कोपरा टांगलेला आहे. त्या दिवशी ती काढून आणली. पण आजच्या गाड्यांच्या टाकीची नळी वाकडी असते, काठी वीतभर जाऊन अडते. कुलपाच्या झाकणासमोर, मच्छरदाणीची काठी हातात घेऊन मी उभा होतो आणि तुमची सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आता गाडीलाही डास चावायला लागले का?"

दोन दिवसांनी तीच म्हणाली, "दादा चहा घेत नाहीयेत. पोटाचं काही आहे का, विचारा ना." तुम्हाला ठाऊक नसेल, पण रोज सकाळी सात वाजता तो मागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला पाठ लावून बसतो आणि बशीत ओतून दोन कप चहा पितो. सात वर्षांत खंड नव्हता. मी विचारले. तो म्हणाला, "आशिडिटी व्हते, मास्तर." अकरा वर्षांच्या उपासाइतके ते उत्तर सभ्य होते.

मी म्हणालो, "दादा, मी मोजलंय. आठच येतं."

"कशानं मोजलंत?"

"गाडीच्या मीटरनं."

तो पहिल्यांदाच हसला. "तुमच्या बापसाचा मीटर कवा चालला व्हता? लॉरीचा काटा मेलेलाच व्हता. त्ये दगुड मोजायचे. चला."

आम्ही अलिबागच्या रस्त्याला लागलो. किलोमीटरच्या एका दगडापाशी गाडी उभी केली. मी पडद्यावरचा आकडा शून्यावर आणला. तो चालवत होता, मी आकडा वाचत होतो आणि दर दगडाला तो मोठ्याने मोजत होता, जसा तुमच्या शेजारी बसून मोजायचा. एक. दोन. तिसरा दगड करवंदीच्या जाळीत लपला होता, त्याला तो न वळता सापडला. सहाव्यावर कुणी निवडणुकीची पत्रके चिकटवली होती. आठव्यानंतर त्याने वेग कमी केला आणि मला एकदम कळले की पुढे काय होणार. गाडी दहाव्या दगडाशी थांबली.

"धा," दादा म्हणाला.

पडद्यावर ८.९ होते.

एवढे साधे होते, बाबा. मोठे चाक एका फेरीत जास्त रस्ता कापते. यंत्र बिचारे अजून जुन्या, लहान चाकाच्या फेऱ्या मोजते आहे, म्हणून दहा किलोमीटरना नऊ म्हणते. माझी गाडी चालत होती जास्त आणि सांगत होती कमी. वर्तुळाचा परीघ सातवीत असतो. मी सातवीचा वर्गशिक्षक होतो.

इंजिन चालूच होते. समोरून नारळाचा टेम्पो गेला. दादाने समोरच बघत विचारले, "म्हंजे मी आता किती चोर ऱ्हायलो, मास्तर?"

आणि मी काय केले असेल? मी हिशोब केला. मनात, शपथेवर सांगतो, मी हिशोब केला. आठाचे झाले नऊ. बाराला तीन अजून कमी. तीन किलोमीटरांचा चोर. माझ्या चेहऱ्यावर तो आकडा उमटला असावा, कारण तो गाडीतून उतरला (पायरीला धरून, पाठमोरा, म्हाताऱ्या माणसासारखा) आणि खालून एकेक वस्तूवर चापट मारत बोलू लागला. "ह्यो पाळणा वारा खातो. ह्ये दिवं वारा खात्यात. ही दाढी, हिचं वजन आपल्या दोघांयेवढं. टायर बघा, हवा न्हाय, कणीक हाय नुसती. चाक येवढं मोठं की पाचव्यात गाडीला ओढवत न्हाय, दमती; मी चौथ्यातच ठेवतो, तर तुम्ही म्हनता पाचवा टाक. आन् उचलल्यापासून खालनं वारा शिरतो तो येगळाच." मग चापट मारायला काही उरले नाही, तेव्हा रिकामा हात पँटला पुसत म्हणाला, "घ्या. सापडले चोर."

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी त्या गाडीचे मंडन उतरवले. पाळणा उतरला. सहा दिवे उतरले; त्यांतले दोन तुमच्या सुनेने तुळशीकडे लावून घेतले. दाढी काढली. टायरमध्ये नेमकी हवा भरली, उचलल्यामुळे बिघडलेली चाकांची रेषा सरळ करून घेतली, हौद्यावर ताडपत्री घट्ट आवळली, मागे उगाच ठेवलेली वाळूची पोती काढली. ताशी साठच्या वर जायचे नाही, गिअर दादा सांगेल तो. चुंबक, बाटली आणि डबी समुद्रात फेकणार होतो, पण समुद्राचा काय अपराध? दगडांच्या हिशोबाने आता साडेदहा येतात. बारा येणार नाहीत. त्यासाठी मूळचे टायर हवेत, आणि ते चारही तुमच्या सुनेने पांढऱ्या रंगात रंगवून त्यांत अळू लावले आहे. अळू जोमात आहे. नवे टायर घ्यायचे तर या तेहतीस इंचांच्या व्यासंगाचे काय करायचे? तो कुणी विकत घेत नाही. विंचूवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, अजून दोन इंच वर घेऊ का?"

झाकणाचे कुलूप मी काढायला गेलो, तर दादा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, चांगलंय. खरे चोरबी असत्यात." चावी त्याच्या हातात दिली. त्याने ती समोरच्या आरशाला, लिंबू-मिरचीच्या शेजारी टांगली. मी शेजारी बसलो की ती माझ्या नाकासमोर डोलते. काशीद ते आगरदांडा, बोटीवर, दिघी ते बोर्ली. खड्डा आला की काचेवर टिक्‌ करते. हे त्याने मुद्दाम केले की नाही, ते मी मोजू शकत नाही. काठी तिथेही आत जात नाही.

बाबा, एक गोष्ट अजून लिहायची आहे, आणि ती लिहिण्यासाठीच एवढी सगळी विशेषणे खर्चली. दहाव्या दगडापासून आजपर्यंत मी दादाला सांगितले की मीटर चुकला होता. दुकानदार चुकला होता, हेही सांगितले. अलाइनमेंट चुकली होती, हवा चुकली होती, असे सांगत मी गाडीच्या सगळ्या भागांची नावे घेतली. मी चुकलो, हे अजून सांगितलेले नाही. तीन महिने झाले. क्षमायाचनेचे सतरा श्लोक मला पाठ आहेत, पण त्यांतला एकही पडवीत म्हणता येत नाही. चहा तो अजून घेत नाही. तुमची सून आता विचारत नाही. ती रोज सातला दोन कप जास्त टाकते आणि साडेसातला मोरीत ओतते. हे पत्र कुठे टाकायचे, ते मला ठाऊक नाही. तूर्त काठीच्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवीन. मच्छरदाणीचा कोपरा दोरीने बांधला आहे.

आता राहिली स्टेपनी. विंचूवाल्याने पाचवे चाकही तेहतीस इंचांचेच दिले होते आणि ते हौद्याखालच्या मूळ जागेत मावत नाही. हौद्यात ठेवले तर तांदळाला जागा उरत नाही. तोवर ते डोक्यावरच्या पाळण्यात होते; पाळणा उतरला त्या दिवशी मीच ते लोटत नेऊन मागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवले. ते बरोबर दादाच्या बसायच्या जागेवर आहे. आता पावसाचे पाणी त्यात साचते, डास होतात, तुमची सून रोज त्याच्यावर आपटते आणि मला बोलते. ते उचलायला दोन माणसे लागतात. घरात मी एक आहे. दुसरे माणूस रोज सकाळी सातला येते, अंगणात गाडी पुसते आणि पडवीत येत नाही.